फुग्याचं तोंड

मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आला आहे असं कळलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘केवढा आहे?’ प्रश्न रास्त आहे. फुगा जितका मोठा तितका फुटण्याचा धोका अधिक, हे ढोबळमानाने खरंच आहे. पण पडद्यावर अँजिओग्राफी पाहणाऱ्या डॉक्टरचं लक्ष दुसरीकडे असतं. फुगा रक्तवाहिनीला जिथे जोडलेला आहे ते त्याचं तोंड किती रुंद आहे, हे तो मोजत असतो. बारा मिलिमीटरचा फुगा असला आणि तोंड दोनच मिलिमीटर असलं, तर काम त्या मानाने सरळ. फुगा पाच मिलिमीटरचाच, पण तोंडही चार मिलिमीटर, तर तेच काम अवघड होऊन बसतं. तोंड ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, किंवा फुग्याची रुंदी तोंडाच्या दुपटीहून कमी भरत असेल, तर डॉक्टर त्याला ‘वाइड नेक’ म्हणतात. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून मेंदूतला फुगा आतूनच बंद करायचा, या उपचाराला आता पस्तीसेक वर्षं झाली. त्या काळात निघालेली बहुतेक नवी साधनं या रुंद तोंडाचं काय करायचं, याच विचारातून निघालेली आहेत.

असे फुगे दुर्मीळ नाहीत. शंभर प्रौढांपैकी साधारण तिघांच्या मेंदूत एखादा असतोच आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. फुगे सहसा मेंदूच्या तळाशी, धमन्यांना फाटे फुटतात तिथे येतात. तिथे चार मोठ्या धमन्यांचं रक्त एका कड्यात येतं आणि त्या कड्यातून मेंदूभर वाटलं जातं. इंग्लंडच्या थॉमस विलिसने १६६४ साली या कड्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं.

फाट्यावरच फुगा का येतो, हे कराडच्या माणसाला प्रीतिसंगमावर उभं राहून समजू शकेल. तिथे कृष्णा आणि कोयना जवळपास समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन काटकोनात वळून पुढे जातात. मेंदूच्या देठासमोरून वर चढणारी बॅसिलर नावाची धमनी आहे. तिच्या वरच्या टोकाला हाच आकार आहे, फक्त प्रवाह उलटा. एक धार सरळ वर येते आणि डावी-उजवीकडे दुभंगते. सरळ आलेली धार आडव्या भिंतीच्या बरोबर मध्यावर आपटते. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, जन्मापासून मरेपर्यंत. मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असतात. बाहेरचा लवचीक पदर त्यांना नसतोच. त्यात रक्तदाब वाढलेला असेल, विडी-सिगारेट चालू असेल, घराण्यातच भिंतीचा कमकुवतपणा असेल, तर मारा बसणारी जागा हळूहळू बाहेर फुगू लागते. गंमत म्हणजे याच बॅसिलरचं खालचं टोक खऱ्या संगमासारखंच आहे. मानेतून चढलेल्या दोन धमन्या तिथे मिळून एक होतात. शरीरात धमन्या फुटत जातात, मिळत नाहीत. या नियमाला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी हा एक.

फुगा फुटला की मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त पसरतं आणि डोकं दुखतं. हे दुखणं रोजच्या डोकेदुखीसारखं नसतं. अर्धशिशी चढत जाते. ही डोकेदुखी सेकंदा-दोन सेकंदांत शिखरावर असते. रुग्ण वेळ सांगू शकतो. फडात उसाची मोळी उचलताना, संडासला जोर करताना किंवा नुसता बसलेला असताना, ‘आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं’. मग उलट्या होतात, मान आखडते, काही जण तिथेच कोसळतात. साधारण एक तृतीयांश रुग्ण दगावतात आणि त्यातले काही दवाखान्याचं दारही पाहत नाहीत. जे शुद्धीवर राहतात, त्यांचा धोका निराळा असतो. त्यांचं दुखणं पित्तावर जातं, उन्हावर जातं, बीपीवर जातं. अंगावरून वारं गेलं तर आपल्याकडे लगेच गाडी काढतात. नुसत्या डोकेदुखीला कोणी गाडी काढत नाही. सुई मारून, गोळी देऊन घरी पाठवलेल्या रुग्णाचं डोकं जरा उतरतंही आणि सगळ्यांना हायसं वाटतं. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची शक्यता पहिल्या चोवीस तासांत सगळ्यांत जास्त असते आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो.

निदानाचं यंत्र काही दूर नाही. साधा सीटी स्कॅन दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत झाला आणि नीट वाचला गेला, तर रक्त सहसा निसटत नाही. नंतर जसजसे दिवस जातात तसतसं रक्त विरत जातं, स्कॅन स्वच्छ दिसू लागतो आणि मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. सीटी आज तालुक्याच्या गावात होतो. लागतो तो संशय. तो सातारा-सांगलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गल्लीतल्या डॉक्टरच्या खोलीत यायला हवा. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तो असून भागत नाही.

आणखी एक खूण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. एका बाजूची पापणी अचानक खाली येते, बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसू लागतात. मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी आलेला फुगा डोळा फिरवणाऱ्या नसेला दाबू लागला की असं होतं. फुगा अजून फुटलेला नसतो, पण वाढतो आहे असं तो सांगत असतो. या रुग्णाला पुढच्या आठवड्याची तारीख देऊन चालत नाही.

आता उपचाराकडे. १९३७ च्या २३ मार्चला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडीने अशाच पापणी पडलेल्या एका रुग्णाची कवटी उघडली आणि फुग्याच्या तोंडावर चांदीची चिमटी बसवली. ती पहिली क्लिप. म्हणजे सुरुवातीपासून नेम तोंडावरच होता. रक्तवाहिन्यांचं चित्र बघायची सोय त्याआधी दहा वर्षं, १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने करून ठेवली होती. धमनीत औषध टोचायचं आणि क्ष-किरणांनी फोटो काढायचा, ही त्याची अँजिओग्राफी. नोबेल मात्र त्याला १९४९ मध्ये भलत्याच आणि पुढे बदनाम झालेल्या शस्त्रक्रियेसाठी मिळालं.

कवटी न उघडता आतून जायची कल्पना मॉस्कोत रुजली. फेदोर सर्बिनेन्को हा तिथल्या बुर्देन्को संस्थेतला न्यूरोसर्जन. मे दिनाच्या सोहळ्यात मुलांच्या हातातले, दोऱ्याने ओढले जाणारे गॅसचे फुगे पाहून त्याला सुचलं, असं सांगतात. नळीच्या टोकाला चिमुकला फुगा बांधायचा, रक्ताच्या प्रवाहासोबत तो मेंदूत सोडायचा आणि जागेवर पोचला की नळीपासून वेगळा करायचा. १९७४ मध्ये त्याचा इंग्रजीतला शोधनिबंध आला आणि पाश्चात्त्य डॉक्टर थक्क झाले. पण फुग्यात फुगा भरण्यात एक खोट होती. धमनीतला फुगा वेडावाकडा असतो, आत घातलेला गोल. तो भिंतीवर दाब देई आणि कधी कधी जे टाळायचं तेच घडे.

कोडं सोडवलं ते इटलीच्या ग्विदो गुल्येल्मी यांनी, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. केसासारख्या तारेची अगदी मऊ गुंडाळी, म्हणजे कॉइल. ती फुग्यात सरकवायची, बसली नाही तर परत ओढून घ्यायची, पुन्हा घालायची. मनासारखी बसली की तारेतून किंचित वीज सोडायची. जोडाचा सांधा विरघळतो आणि कॉइल आत राहते. १९९० मध्ये पहिल्या रुग्णावर हे झालं. १९९५ मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता आली. परत ओढून घेता येणं हा या शोधाचा प्राण आहे. मेंदूत जाऊन मत बदलायची मुभा त्याआधी कुणालाच नव्हती.

कॉइल प्लॅटिनमची असते, थोडं टंगस्टन मिसळलेली. प्लॅटिनम मऊ, न गंजणारं, क्ष-किरणात ठळक दिसणारं आणि एमआरआयच्या चुंबकाला न जुमानणारं. विटा-खानापूरकडच्या गलाई कारागिरांनी सोन्याचांदीच्या भट्ट्या देशभर नेल्या; त्यांच्यापैकी कोणी ही कॉइल तराजूत टाकली तर हसेल. जाडी पाव ते अर्धा मिलिमीटर, वजन नगण्य. धातूची किंमत किरकोळ असते. हजारो रुपये लागतात ते घडणावळीचे.

आणखी एक गोष्ट ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. कॉइलने फुगा ‘भरतात’ म्हणतात, तरी आकारमानाच्या वीस ते तीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा धातू व्यापत नाही. बाकीची जागा रक्ताच्या गुठळीची. कॉइलमुळे आतला प्रवाह मंदावतो, रक्त थिजतं, पुढे तोंडावर नवं अस्तर चढतं. गुठळी धरायला प्रवाह मंद व्हायला हवा आणि तोंड रुंद असेल तर प्रवाह मंद होत नाही. वर कॉइल घसरून मूळ धमनीत उतरण्याचा धोका. उतरली तर ती धमनीच बंद आणि अर्धांगवायू. उतरली नाही तरी रोजच्या माऱ्याने कॉइलचा गोळा आत दबत जातो आणि काही महिन्यांनी तोंडाशी फुगा पुन्हा डोकावू लागतो.

म्हणूनच एका गाजलेल्या चाचणीचा आकडा सावधपणे वाचायला हवा. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘आयसॅट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. फुगा फुटलेल्या रुग्णांत एका वर्षानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले कॉइलच्या गटात २३.७ टक्के, क्लिपच्या गटात ३०.६ टक्के. या आकड्यांनी जगभर वारं फिरलं. पण त्यासाठी तपासलेले रुग्ण होते ९,५५९ आणि चाचणीत घेतलेले २,१४३. दोन्ही उपचार सारखेच लागू पडतील असं डॉक्टरांना वाटलं, तेच आत आले. फुगे बहुतेक लहान आणि मेंदूच्या पुढच्या भागातले. रुंद तोंडाचे, अवघड जागेचे, अक्राळविक्राळ फुगे दारातूनच परत गेले होते. या प्रकरणाचा विषय नेमका ते परत गेलेले रुग्ण आहेत.

रुंद तोंडावर पहिला तोडगा पॅरिसच्या जाक मोरे यांनी काढला. दोन नळ्या न्यायच्या. एक फुग्यात, दुसरीच्या टोकाला इवलासा बलून, तो धमनीत बरोबर तोंडासमोर. बलून फुगवायचा, तोंड झाकलं जातं, आत कॉइल घालायची, बलून उतरवायचा, कॉइल जागेवर राहिली तर सोडायची. बलून फुगलेला असतो तेवढी मिनिटं पुढच्या मेंदूला त्या वाटेने रक्त जात नाही, म्हणून सगळं घड्याळ लावून. यात आत काही मागे ठेवलं जात नाही. फुटलेल्या फुग्यात हा गुण फार मोलाचा, कारण पुढचा तोडगा नेमका तिथेच अडतो.

पुढचा तोडगा स्टेंट. हृदयाचा स्टेंट आता खेड्यातही माहीत आहे. मेंदूतला त्याहून खूप मऊ, आणि त्याचं काम अडलेली धमनी उघडणं हे नाही. त्याने धमनीतून तोंडासमोर जाळीचं कुंपण घालायचं असतं. बॅसिलरच्या टोकाला फुगा असेल आणि तोंड दोन्ही फाट्यांवर पसरलेलं असेल, तर एक स्टेंट डावीकडे आणि त्याच्या जाळीतूनच दुसरा उजवीकडे, असा इंग्रजी वाय अक्षरासारखा सांगाडाही उभारतात. पण धमनीत धातू राहिला की त्यावर गुठळी धरते. ती धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही गोळ्या एकदम, कित्येक महिने. ज्याच्या मेंदूत नुकताच रक्तस्राव झाला आहे, त्याला रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या! शिवाय अशा रुग्णाच्या मेंदूत पाणी साठून कवटीला भोक पाडून नळी घालायची वेळ अनेकदा येते. पातळ झालेल्या रक्तात ते भोक नवा रक्तस्राव आणू शकतं. अवघड फुग्याच्या उपचारातला खरा पेच हा आहे. न फुटलेल्या फुग्याला स्टेंट सुखाने घालता येतो, फुटलेल्याला हात आखडावा लागतो.

या पेचातून सुटायला एक चतुर साधन निघालं. बारीक तारांनी विणलेला जाळीचा गोळा, नाव ‘वेब’. मिटवलेला गोळा नळीतून फुग्यात न्यायचा, तिथे तो उमलतो आणि त्याचं बूड आतल्या बाजूने तोंडावर बसतं. धमनीत काहीच राहत नाही, म्हणून दोन गोळ्यांची सक्ती सहसा नाही. फाट्यावरच्या रुंद तोंडासाठीच हा बनवला आहे. मोजमाप मात्र चोख हवं. मिलिमीटरभर चुकलं तर गोळा सैल बसतो किंवा बाहेर डोकावतो. दीडशे रुग्णांच्या अभ्यासात वर्षाअखेर पूर्ण बंद झालेले फुगे निम्म्याहून थोडे जास्त होते. पुरेसे बंद म्हणता येतील असे जवळपास ८५ टक्के. चमत्कार म्हणावा असं नाही, पण ज्यांच्यासाठी आधी काहीच धड नव्हतं त्यांच्यासाठी ही मोठी मजल आहे.

सगळ्यांत मूलगामी कल्पना आली ती फ्लो डायव्हर्टरची. तिने प्रश्नच उलटा केला. फुग्याच्या आत शिरायचंच कशाला? मूळ धमनीत दाट विणीची नळी बसवायची. ‘पाइपलाइन’ या पहिल्या गाजलेल्या साधनात ४८ तारा विणलेल्या असतात. तोंडावरून जाणारा प्रवाह सरळ पुढे निघून जातो, आत वळत नाही. फुग्यातलं रक्त साचतं, थिजतं, आक्रसतं आणि जाळीवर धमनीचं नवं अस्तर वाढतं. मग त्याच जाळीखाली आलेल्या बारीक फांद्या बंद का होत नाहीत? कारण फांदीच्या पलीकडे रक्त मागणारा मेंदू आहे, तो जाळीतूनही रक्त ओढून घेतो. फुग्याच्या पलीकडे काहीच नाही. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती ज्या अभ्यासावर, त्यातल्या फुग्यांची सरासरी १८ मिलिमीटर आणि तोंडाची जवळजवळ ९ मिलिमीटर होती. म्हणजे आयसॅटने दारातून परत पाठवलेलेच. सहा महिन्यांनी ७३.६ टक्के पूर्ण बंद, वर्षाने ८६.८, पाच वर्षांनी ९५.२ टक्के. वेळ जातो तसा निकाल सुधारतो, हे कॉइलच्या अगदी उलट.

फुकट काही नाही. त्याच अभ्यासात ५.६ टक्के रुग्णांना मोठा पक्षाघात झाला किंवा ते मेंदूच्या कारणाने दगावले. फुगा बंद व्हायला महिने लागतात, तोवर तो फुटू शकतो. दोन गोळ्या इथे अनिवार्य. आणि बॅसिलरसारख्या धमनीतून मेंदूच्या देठाला जाणाऱ्या केसाएवढ्या फांद्या असतात. त्यातली एक जरी जाळीखाली बुजली तर माणूस उभा राहू शकत नाही. तिथे फ्लो डायव्हर्टर घालताना कसलेला डॉक्टरही दोनदा विचार करतो.

काही फुग्यांना तर तोंडच नसतं. धमनीचा एक तुकडा संपूर्णच फुगलेला असतो, आत जायची आणि बाहेर यायची वाट तीच. तिथे झाकायचं काय? धमनीला आतून नवी नळी देणं किंवा ती बंद करून रक्ताला दुसरी वाट काढून देणं, एवढंच उरतं. दुसऱ्या टोकाला ‘ब्लिस्टर’, दीड-दोन मिलिमीटरचा नुसता फोड, भिंत अशी नाहीच, रक्ताच्या खपलीने तात्पुरता बुजलेला. त्यात कॉइल घातली तर फाटतो; म्हणून फुटलेला असूनही बरेच जण फ्लो डायव्हर्टरचाच धोका पत्करतात. पंचवीस मिलिमीटरवरचे राक्षसी फुगे आत जुन्या गुठळीने भरलेले असतात, घातलेली कॉइल त्या गुठळीत रुतत जाते. कधी महत्त्वाची फांदी फुग्याच्याच अंगातून निघालेली असते. फुगा भरला की फांदी मेली.

अवघडपणा फुग्यापाशीच असतो असंही नाही, वाटेतही असतो. वय आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब यांनी छातीतली महाधमनी लांबते, तिची कमान खाली झुकते, मानेतल्या धमन्यांना वेटोळी पडतात. मांडीतून निघालेली नळी वेटोळ्यांत ताकद हरवते; इकडे इंचभर ढकललं तरी तिकडे टोक हलत नाही आणि मग एकदम उडी मारतं. उपाय म्हणजे नळीत नळी आणि तिच्यात आणखी बारीक नळी, किंवा मांडी सोडून मनगट. उजव्या मनगटातून मानेतली उजवी मागची धमनी जवळजवळ सरळ रेषेत लागते.

आणि कधी कधी कवटी उघडणंच शहाणपणाचं असतं. कानाच्या वर मेंदूच्या घडीत आलेले फुगे सर्जनच्या हाताला सोपे पडतात. फुटून रक्ताचा मोठा गोळा साचला असेल तर तो काढायला डोकं उघडायचंच आहे, मग क्लिपही लावून घ्यावी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतली अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिने २०१९ मध्ये स्वतःच लिहिलं आहे. २०११ मध्ये लंडनला तिचा फुटलेला फुगा कॉइलने बंद केला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कला दुसऱ्या फुग्यावर आतून केलेला उपचार फसला, रक्तस्राव झाला आणि डोकं उघडावं लागलं. एकाच माणसाच्या डोक्यात दोन फुगे, आणि दोघांचे स्वभाव वेगळे. ‘कॉइल चांगली की क्लिप?’ हा वाद जे घालतात त्यांच्यापेक्षा ज्या दवाखान्यात दोन्ही जाणणारे एका टेबलाशी बसून एकच अँजिओग्राफी बघतात, तिथे जावं.

असं टेबल सातारा-सांगलीच्या रुग्णाला कुठे मिळतं? महाराष्ट्रात ही विद्या वाढली ती मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अनिल करापूरकर, डॉ. उदय लिमये यांच्यासारख्यांनी ती रुजवली आणि तिथे शिकलेले पुढे राज्यभर पसरले. कृष्णाकाठाला मोठ्या दवाखान्याचं अप्रूप तसं नाही. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरने मिरजेत रुग्णालय उभारलं १८९४ साली, आणि तेव्हापासून कोकण-कर्नाटकातले रुग्ण मिरजेला उतरत आले. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, कराडचं कृष्णा १९८४ चं. कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीच्या यंत्राच्या खोल्या, आल्या त्या हृदयासाठी. मेंदूच्या कामाला दोन बाजूंनी एकाच वेळी चित्र देणारं यंत्र असलं तर उत्तम, पण एका बाजूच्या यंत्रावरही कुशल हात काम करून जातो. अडतं ते दोन गोष्टींपाशी. रात्री-अपरात्री हजर असलेला माणूस, आणि कपाटातला माल. अवघड फुग्याला कुठल्या मापाचा स्टेंट, कुठलं वेब लागेल हे अँजिओग्राफी झाल्यावर ठरतं. एकेका साधनाची दहा-वीस मापं, किंमत लाखांत, वापराची मुदत ठरलेली. लहान शहरातला दवाखाना ती सगळी भरून ठेवू शकत नाही.

म्हणून साध्या फुग्यासाठी जवळचं केंद्र आणि अवघड फुग्यासाठी पुणे-मुंबई, अशी विभागणी मला तरी व्यवहारी वाटते. अट एवढीच, की तो साधा की अवघड हे लवकर कळावं. सीटी अँजिओग्राफी झाली की तोंडाची रुंदी कळते आणि चित्रं फोनवरून पुण्याला पाच मिनिटांत जातात. रुग्णाला मात्र वेळ लागतो. सातारा ते पुणे ११० किलोमीटर आणि मध्ये खंबाटकी घाट. सांगलीहून त्याच्या दुपटीहून जास्त. जतचा रुग्ण आधी ऐंशी-नव्वद किलोमीटर तोडून सांगली-मिरजेला पोचलेला असतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तिच्यात चढण्याआधी रक्तदाब आटोक्यात आणणं, उलटी थांबवणं, वेदना शमवणं हे पहिल्याच दवाखान्यात होऊन जावं. ‘ताबडतोब पुण्याला न्या’ एवढं म्हणून दोनशे रक्तदाबाचा रुग्ण गाडीत घालणं म्हणजे घाटात दुसरा रक्तस्राव बोलावणं.

पैशाचं गणितही तोंडाच्या रुंदीशी बांधलेलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत यांनी मोठा आधार दिला, यात वाद नाही. आयुष्मान भारतच्या उपचारयादीत कॉइलिंगच्या पॅकेजमध्ये पहिल्या तीन कॉइल आणि लागला तर बलून किंवा स्टेंट धरलेला होता. त्यावरच्या प्रत्येक कॉइलची रक्कम वेगळी. लहान फुगा तीनांत भागतो. मोठ्याला दहा लागू शकतात. नातेवाइकांनी दवाखान्यात विचारायचा नेमका प्रश्न हाच: अंदाजे किती कॉइल, स्टेंट लागेल का, आणि योजनेत त्यातलं काय बसतं?

फुगा बंद झाला म्हणजे सुटलो असंही नाही. फुटलेल्या फुग्यानंतर चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकसतात. निमोडिपिनच्या गोळ्या एकवीस दिवस, दर चार तासांनी, म्हणजे रात्री उठवूनही द्यायच्या. घरी आल्यावर हा नेम मोडतो आणि मोडू नये.

स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसवलेल्याने दोन गोळ्यांचं व्रत पाळायचं. दात काढायचा म्हणून दंतवैद्याने, ‘रक्त फार पातळ झालंय’ म्हणून शेजाऱ्याने बंद करायला सांगितल्या, तरी ज्याने स्टेंट घातला त्याला फोन केल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला लागतं आणि ते कामाला लावणारं जनुक भारतीयांत बऱ्याच जणांत मंद असतं. अशांना गोळी नियमाने घेऊनही लागू पडत नाही. म्हणून आधी रक्ताची चाचणी करतात किंवा प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर यांच्याकडे वळतात. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी. ‘आता बरं वाटतंय, कशाला?’ हे वाक्य प्रत्येक तज्ज्ञाने ऐकलेलं आहे. रुंद तोंडाचा फुगा पुन्हा उघडतो तेव्हा दुखत नाही, तो चित्रातच दिसतो. प्लॅटिनमच्या कॉइलने एमआरआय अडत नाही, मात्र बसवलेल्या साधनाचं कार्ड तंत्रज्ञाला दाखवावं.

शेवटचा गट न फुटलेल्या फुग्यांचा. चक्कर येते म्हणून सांगलीत एमआरआय केला आणि अहवालात चार मिलिमीटरचा फुगा निघाला, अशी माणसं आता वाढत आहेत. घरात रडारड होते. जपानमधल्या सहा हजारांहून अधिक फुग्यांच्या अभ्यासात वर्षाला फुटण्याचं प्रमाण सरासरी १ टक्क्याच्या आत होतं. लहानांत त्याहूनही कमी. वय, रक्तदाब, फुग्याचं माप आणि जागा, आधी दुसरा फुगा फुटला होता का, या सगळ्यांची बेरीज करून उपचाराचा निर्णय होतो. अनेकांच्या बाबतीत तो ‘थांबा, रक्तदाब सांभाळा, सिगारेट सोडा, वर्षाने पुन्हा चित्र काढू’ असाच निघतो. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी दोघांना फुगा निघाला असेल तर मात्र बाकीच्यांनी विनादुखणं एकदा तपासून घ्यावं. त्यासाठी सुई न टोचता होणारी एमआर अँजिओग्राफी पुरते आणि ती सांगली-साताऱ्यातच होते.